झुशीची निळी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी निळी मोटार आहे. माझी उमेदीची वर्षं जपानमधल्या झुशी या शहरात गेली. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला उपसागर आणि मधल्या चिंचोळ्या सपाटीवर दाटीनं वसलेली घरं. सकाळ झाली की अर्धं गाव आगगाडीनं योकोहामा-टोकियोला कामाला जाई.

माझे मालक ओगावा म्हातारे झाले, तेव्हा त्यांनी मला विकलं. जहाजातून मी आयर्लंडला आले. इथंही स्टीअरिंग उजवीकडेच, म्हणून जपानी गाड्यांना मागणी असते. २०१४ मध्ये ट्रली शहराजवळच्या फेनिट गावातल्या जयदीपनं मला घेतलं. तो घरूनच सॉफ्टवेअरचं काम करी. त्याची बायको मुक्ता ट्रलीच्या हॉस्पिटलात डॉक्टर.

माझ्या डॅशबोर्डवरच्या पडद्यावरचा नकाशा मात्र जपानचाच राहिला, झुशीवरच अडकलेला. त्यांची छोटी ईशा विचारी, हे गाव कुठलं? मग जयदीपनं शोधून शोधून तिला झुशीचा इतिहास सांगितला. १९२३ च्या भूकंपात घरं कोसळली आणि पाठोपाठ समुद्र गावात घुसला. माणसं लाटेखाली गेली. पुढे दुसऱ्या महायुद्धात तिथल्या डोंगरांत दारूगोळा भरला गेला. ईशाला ते सगळं पाठ झालं.

ऑक्टोबर २०१७. वादळाचा रेड अलर्ट होता, शाळा बंद होत्या. मुक्ता ड्युटीवर होती. भर दुपारी वाऱ्यानं खिडकी फोडली आणि काचेचा मोठा तुकडा ईशाच्या दंडात रुतला. रक्त थांबेना. रस्त्यांवर झाडं पडल्यामुळे ॲम्ब्युलन्सला फार वेळ लागेल, असं फोनवर सांगितलं. जयदीपनं दंड टॉवेलनं आवळला आणि तिला माझ्या पुढच्या सीटवर घातलं.

वारा मला रस्त्याबाहेर ढकलत होता. किनाऱ्यावरचे दगड उडून दारांवर आदळत होते. ईशाचे डोळे मिटू लागले.

"ईशा, झोपायचं नाही. नकाशा बघ. डोंगर कुठेत?"

"ऑल अराउंड, बाबा."

"आणि लाट आली तेव्हा लोक कुठे पळाले?"

"अप द हिल्स." तिचा आवाज बारीक झाला होता. "डिड दे ऑल मेक इट?"

जयदीपनं रस्त्यात पडलेली फांदी चुकवली. मग म्हणाला, "सगळे नाही. पण जे पळत राहिले ते वाचले. आपण पळतोय ना?"

ट्रलीच्या अलीकडे एक झाड मुळासकट उखडून माझ्यावर पडलं. बॉनेट चेपलं, इंजिन फुटलं, काचेचा चुरा दोघांच्या अंगावर उडाला. फांद्या सीटपर्यंत पोचल्या नाहीत, सगळा मार माझ्या पत्र्यानं खाल्ला. मागून डेक्लन नावाचा शेतकरी ट्रॅक्टरवर येत होता. त्यानं पहारीनं दार उचकटलं, ईशाला आपल्या कोटात गुंडाळलं आणि बापलेकीला घेऊन कुंपण तोडून शेतातून ट्रॅक्टर घातला.

पुढचं मी जयदीपच्या तोंडून ऐकलं. हॉस्पिटलच्या दारात जखमींना उतरवून घ्यायला मुक्ता उभी होती. डेक्लन पुढे धावला, जयदीप मागे राहिला; त्यामुळे त्या कोटात आपलीच लेक आहे, हे तिला कोट उघडल्यावर कळलं. ईशाला रक्त चढवलं, टाके घातले. ती वाचली.

मला ओढून घरी आणलं, पण माझी मात्र दुरुस्ती होणार नव्हती. भंगारवाला न्यायला आला त्या दिवशी जयदीप बादली घेऊन आला आणि सीटवरचं वाळलेलं रक्त घासून धुऊ लागला. भंगारवाला म्हणाला की कशाला त्रास, हिचे तुकडेच व्हायचेत. जयदीप थांबला नाही. हात गळ्यात बांधलेल्या ईशानं दुसऱ्या हातानं माझा आरसा पुसला.

मित्रांनो, वस्तू चालते तोवर तिला सगळेच पुसतात. तिचं काम संपल्यावरही एकदा तिच्यावरून हात फिरवा. मी भंगारात आले, पण स्वच्छ होऊन आले.