गेन्शोमहाराजांची जांभळी रोपं

देवळाच्या अंगणात घोट्यापर्यंत बर्फ असूनही सारा गाव जमला होता. रात्रभर उघड्यावर ठेवलेले कोबीच्या रोपांचे दोन ट्रे समोर होते. महाराजांच्या तीर्थाची रोपं ताठ, पानांवर जांभळी झाक. बिनतीर्थाची काळी पडून लोळलेली.

"हा रंग देवाच्या स्पर्शाचा," गेन्शोमहाराज घंटी वाजवत म्हणाले. "थंडी माझ्या पाण्याला भिते."

बायका माना डोलावत होत्या. मी, इथल्या शेतकी शाळेतली मास्तरीण, दातओठ खात उभी होते. गेल्या वसंतात माझ्या कित्सुजीदादाने हेच पाणी शिंपडून कोबी लावला आणि हिम पडताच सगळा गेला. महाराजांनी उलट त्यालाच झापलं, "तुझ्या श्रद्धेत खोट आहे. रोज पहाटे अंगावर गार पाणी ओत." दादाने ओतलं. न्यूमोनियाने तो गेला, तोही स्वतःला दोष देत.

मी माझे दोन ट्रे पुढे ठेवले. "महाराज, बी एकच आहे. या हिरव्यागार रोपांवर शिंपडा. ही जांभळट तशीच राहू देत."

"पोरी, परीक्षा बघणाऱ्याला देव पावत नाही."

"शिंपडा की," म्हातारी तोमेआजी म्हणाली. "पाणी आटलं का?"

शिंपडावंच लागलं. ट्रे रात्रभर उघड्यावर राहिले. दुसऱ्या सकाळी तीर्थाची रोपं काळी पडली होती, माझी ताठ होती.

"हिरवी थेट उबदार काचघरातली," मी सांगितलं. "जांभळट पंधरवडाभर शाळेमागे गारठ्यात होती, त्यानेच हा रंग चढला. थंडी हळूहळू वाढली की रोप वेगळी प्रथिनं बनवतं. ती पेशींची आवरणं सांभाळतात, आत बर्फ माजू देत नाहीत. उबेतून एकदम बर्फात टाकलं तर ती बनवायला सवडच नसते. हे महाराज स्वतःची रोपं डोंगरावर उघड्यावर वाढवतात, एवढंच यांचं तीर्थ."

"काचघर यायच्या आधी आम्हीही रोपं बाहेर काढायचो," तोमेआजी पुटपुटली. "विसरलो मेलं."

"तुमच्या श्रद्धेत—" महाराजांनी सुरुवात केली.

"या खेपेला पाणी तुम्हीच शिंपडलंत, श्रद्धाही तुमचीच होती." मी दादाची बादली त्यांच्यापुढे ठेवली. वर बर्फाची पापडी धरली होती. "घ्या अंगावर. थंडी तुम्हाला भिते ना?"

ते मागे सरले. "वेडी का तू? न्यूमोनिया होईल मला."

"म्हणजे तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

तोमेआजीने त्याच्या हातातली घंटी काढून घेतली. गावाने त्याला वेशीबाहेर घालवलं. मला समाधान वाटलं, पण पुरेसं नाही.

तुमच्याकडे असा कोणी आला तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, "महाराज, तुमची रोपं वाढली कुठे?" माझ्या दादाने विचारलं नव्हतं.