खाकरणारा चोर

त्या रविवारी भागवतरावांनी तीन भिंती फोडल्या, एक पहारेकरी गार केला आणि कंपनीच्या तिजोरीच्या दारात येऊन उभे राहिले. मग त्यांनी घसा खाकरला.

"बाबा," शिवकन्या म्हणाली, "चोर खाकरत नसतात."

"काहून? चोराला खोकला येत न्हाई का?"

"खोकला वेगळा. तुमी हे मुद्दाम करता."

"मुद्दामच करून राहिलो. कोणाच्या घरात मुकाट्यानं घुसायचं, हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाई. खाकरायचं, आतून 'या' म्हणलं की जायचं. चोरी करायला आलो म्हणून रीत सोडू का?"

कोपऱ्यात तूर निवडत बसलेल्या शिवकन्याच्या आई नर्मदाबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "चोरीबी करायची, आन् पाहुणचारबी पाहिजे."

घर शिरड शहापूरचं, वेळ जेवणानंतरची. खेळ मात्र अशा शहरातला, जिथं दिवस उजाडत नाही, माणसांच्या डोक्यात तारा खुपसलेल्या असतात आणि पाऊससुद्धा जाहिरातींच्या जांभळ्या उजेडात पडतो. शिलाई मशीनवर फळी टाकून ते शहर मांडलेलं होतं. त्यात शिवकन्या होती कंपनी. तिनं आपली गुपितं पालथ्या पत्त्यांत लपवायची आणि त्यांच्यापुढं भिंती उभ्या करायच्या. भागवतराव होते चोर, तारांतून शिरणारा. त्यांनी भिंती फोडून गुपितं पळवायची. पुरेशी गुपितं हाताला लागली की चोर जिंकला. त्याआधी कंपनीनं आपले बेत तडीस नेले की कंपनी. खरी मजा पालथ्या पत्त्यात. ते गुपित आहे की सापळा, हे उलटल्याशिवाय कळत नाही, आणि सापळ्यात पाय पडला की चोराचा मेंदू वांग्यासारखा भाजून निघतो.

खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. भागवतरावांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं. धाड.

हे वेड घरात आणलं शिवकन्यानं. ती हिंगोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. पुस्तकांतून डोकं वर काढलं तर ते दुसऱ्या पुस्तकात घालण्यासाठी, अशी तिची ख्याती. मागच्या वर्षी प्रशिक्षणासाठी पुण्याला गेली, तिथं खोलीतल्या मैत्रिणीनं एक डाव शिकवला, आणि जिनं लहानपणी सापशिडीसुद्धा कधी शेवटपर्यंत खेळली नव्हती, ती बाई येताना पत्त्यांचा खोका घेऊन आली. मग लक्षात आलं, की याला दुसरा माणूस लागतो. हिंगोलीत दुसरा माणूस कुठून आणायचा? कॉलेजच्या ऑफिसातल्या उझ्मानं एक डाव खेळून पाहिला आणि पत्ते खाली ठेवले. म्हणाली, "मॅडम, घर में सास से इतना छुपाना पड़ता है, अब खेल में भी छुपाऊँ? दो जनों का खेल है तो शादी कर लो!"

शिवकन्यानं लग्नाऐवजी बापाला गाठलं.

भागवतराव मेंढीकोटात अख्ख्या गावाला पाणी पाजणारे. पत्ते हातात आल्या आल्या त्यांनी विचारलं, "हुकूम कोणतं?"

"यात हुकूम नसतं, बाबा."

"हुकूम न्हाई, तर राज्य कोणाचं?"

"कंपनीचं."

"मंग मी चोरच बरा," ते म्हणाले, आणि जन्मभर चोरच राहिले.

या खेळात आपला गठ्ठा आपणच निवडून रचायचा असतो. नवी पाकिटं येत राहतात, त्यांतले कामाचे पत्ते घ्यायचे, बाकीचे खोक्यात टाकायचे. शिवकन्या त्याचा अभ्यास करी. भागवतराव माणसं पारखून घेत. धातूचा हात आणि लाल डोळे असलेल्या एका दांडगटाला त्यांनी लगेच उचललं, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मेंढीकोटातला त्यांचा भिडू मुंजाजी हुबेहूब असाच दिसत होता. एक फार ताकदीचा पत्ता मात्र त्यांनी परत केला. त्यात कंपनीच्या कारकुनाला त्याच्या घरच्यांवरून धमकी द्यायची होती. "लेकराबाळांचं भ्या दाखवून मिळवलेलं अंगी लागत न्हाई," ते म्हणाले. उलट, भर पावसात शेवयांची गाडी लावून बसलेल्या म्हातारीचा एक अगदी निरुपयोगी पत्ता त्यांनी कायम ठेवला. धाडीवर उपाशीपोटी जाऊ नये म्हणून.

खेळातल्या पैशांसाठी खोक्यात पुठ्ठ्याच्या चकत्या होत्या. त्या त्यांना पटल्या नाहीत. घरात हळकुंडांचं पोतं असताना पुठ्ठा कशाला? मग पैसे म्हणून हळकुंडं आली. पत्ते खराब होऊ नयेत म्हणून शिवकन्यानं त्यांना प्लॅस्टिकची पाकिटं चढवली होती. भागवतराव त्यांना रेनकोट म्हणत. त्या रेनकोटांवर त्यांच्या अंगठ्याचे पिवळे ठसे उमटत, आणि दर रविवारी ती कुरकुरत ते पुसून काढी.

आणि खाकरणं. कोणत्याही पालथ्या पत्त्यावर हात ठेवण्याआधी ते खाकरायचे आणि थांबायचे. शिवकन्या काही म्हणायची नाही. नियमाच्या पुस्तकात तसं काही नव्हतं, आणि तिचा नियमावर जीव. मग भागवतराव स्वतःच तिच्यासारखा बारीक आवाज काढून म्हणत, "या, या, बसा, चहा घेता का?" आणि हसत हसत आत शिरत. कधी गुपित मिळे, कधी मेंदू भाजे.

त्या रविवारी त्यांना जिंकायला एकच गुपित हवं होतं. ते त्या पालथ्या पत्त्याखालीच होतं. शिवकन्यानं मुद्दामच त्याच्यापुढं हलक्या भिंती घातल्या होत्या, म्हणजे हा सापळाच आहे असं त्यांना वाटावं.

भागवतरावांनी पत्त्याकडं पाहिलंच नाही, लेकीच्या नाकाकडं पाहिलं. "चष्मा वर ढकलला. सापळा हाय."

"घसरला म्हणून ढकलला."

"बिनघामाचा घसरला? नाकाला तेल लावून बसली का काय?" त्यांनी पुन्हा खाकरलं. "येऊ का?"

तिनं हातातले पत्ते सारखे केले. नर्मदाबाईंच्या सुपातली तूर तेवढी वाजत होती.

"आज मी न्हाई म्हणणार," भागवतराव म्हणाले. "दर बारीला मीच पाहुणा आन् मीच घरमालक, हे बरं न्हाई. आज तू म्हण."

"नियमात बसत न्हाई, बाबा."

"एवढी पुस्तकं वाचली, माय, आन् एक अक्षर जड होऊन राहिलं?"

तेवढ्यात फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. औंढ्यावरून हिंगोलीला जाणारी ती शेवटची सोयीची बस. शिवकन्यानं पर्स उचलली, आईनं दिलेला डबा काखेत मारला आणि उंबऱ्यातून मागं वळून म्हणाली, "पुढच्या रविवारी बघू."

"मंग तवरोक मी दारातच उभा हाय," भागवतराव म्हणाले. "बघू कोण आधी थकतं." त्यांनी परसातून कोंबड्या झाकायचं वेताचं डालं आणलं आणि मांजरानं पत्ते उधळू नयेत म्हणून अख्ख्या शहरावर पालथं घातलं. "नर्मदे, कोणाला हात लावू देऊ नको. चोर दारात उभा हाय."

मंगळवारी हळदीचा पाला कापता कापता ते बांधावर बसले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेले.

*

माणसं आली. माणसं येणारच, भागवतराव कुणाच्या दारात न खाकरता गेले नव्हते, पण कुणाचं दार त्यांनी सोडलंही नव्हतं. बैठकीत सतरंजी पसरली. बाया एका बाजूला, गडी ओसरीवर. आणि भिंतीला लागून शिलाई मशीनवर ते डालं, पालथं.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांनी त्याच्याकडं नुसतं चोरून पाहिलं. मग शेजारच्या शेवंताकाकूंच्यानं राहवेना. त्यांनी शिवकन्याच्या कानाशी तोंड नेलं. "पोरी, बोलू न्हाई, पण सुतकाच्या घरात कोंबडी ठिवत न्हाईत."

"कोंबडी नाही त्यात, काकू."

"मंग काय हाय?"

काय सांगावं? सूर्य न उगवणारं शहर? शिवकन्यानं नुसती मान हलवली. शेवंताकाकूंना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी आलेल्या दोघींनी डाल्याकडं पाहून एकमेकींना कोपर मारलं. तिसऱ्या दिवशी एकीनं ठासून सांगितलं, की आपण स्वतःच्या कानांनी ती कुडूक-कुडूक करताना ऐकली. एवढंच नाही, खुडूक बसलीय, अंडी उबवतीय, म्हणून उठवत नसतील बिचारी, असाही खुलासा झाला.

नर्मदाबाई इतका वेळ भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. डोळे न उघडताच म्हणाल्या, "कोंबडी न्हाई, बाई. चोर हाय."

बैठक गार पडली. शेवंताकाकूंनी पदर तोंडाला लावला आणि हळूच म्हणाल्या, "दुःखानं डोकं फिरतं माणसाचं." शिवकन्या उठून न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोट धरून हसली. हसता हसता आठवलं, की हे सगळ्यात आधी ज्यांना सांगायचं, ते नाहीत. नळ तिनं बराच वेळ बंद केला नाही.

तेरवीच्या आदल्या दुपारी घर रिकामं होतं. उद्या बैठकीत पंगत बसायची होती आणि मशीन हलवल्याशिवाय जागा होणार नव्हती. नर्मदाबाईंनी झाडू भिंतीला लावला.

"शिवे, उचल ते."

"राहू दे ना, आई. मशीन तसंच सरकवू."

"डाल्यासकट? तू चारी बाजूंनी धर, मी खालून फुंकर घालते, जाईल उडत."

"आई, मोडायचा न्हाई मला तो डाव."

पुढचं तिला नीट सांगता आलं नसतं. डाव मांडलेला आहे तोवर एक माणूस दारात उभा आहे. पत्ते गोळा केले, की दारात कुणी नाही. वाचलेल्या एवढ्या पुस्तकांत मरणाबद्दल पुष्कळ काही होतं, पण अशा वेळी पत्ते कुणी उचलायचे, हे कुठंच दिलेलं नव्हतं.

नर्मदाबाईंनी लेकीकडं पाहिलं. मग पुढं होऊन त्यांनीच डालं उचललं आणि खाली ठेवलं. शहर जसंच्या तसं होतं. भिंती आडव्या, गुपित पालथं. चोराच्या बाजूला हळकुंडांची लहानशी रास, पत्त्यातला मुंजाजी लाल डोळ्यांनी बघतोय. रेनकोटांवर पिवळे ठसे. रविवार पुढं सरकलाच नव्हता, त्यामुळं ते पुसायचे राहिले होते.

नर्मदाबाई नवऱ्याच्या स्टुलावर बसल्या. त्यांचे पत्ते उचलले, डोळ्यांपासून लांब धरले.

"डाव कोणाचा होता?"

"बाबांचा."

"या तिन्ही भिंती फोडल्यात ना? ही तर त्यांनी दोन हळकुंडात फोडली. पैशे वाचवले."

शिवकन्या बघतच राहिली. "तुला कळतं?"

"वरीसभर तूर निवडते मी इथं बसून. एवढी तूर खाल्ली का आपण?" त्यांनी फळीवर नजर फिरवली. "दार तर उघडंच हाय. मंग काहून थांबले व्हते?"

"मी 'या' म्हणावं म्हणून बाबा वाट पाहत होते."

"आन् तू म्हणली न्हाई."

"नियमात..." शिवकन्या म्हणाली, आणि तो शब्द तिला तिथंच सोडून द्यावा लागला.

नर्मदाबाई गालात हसल्या. "मला पाह्यला आले तवाची गोष्ट सांगते. पुढं आले व्हते एकटेच. बाकीची मंडळी चुकली व्हती रस्ता. दारात खाकरले. आमच्या घरी पिठाच्या गिरणीचा आवाज, कोणाला ऐकू जाते? उभे उन्हात. माझ्या आईनं खिडकीतून पाहिलं, म्हणली, भांड्यावाला दिसतो, उभा राहू द्या, कंटाळून जाईल. गेलेच न्हाईत! घामाघूम. शेवटाला मीच गेले पाणी टाकायला, तर हा माणूस उभा. मी म्हणलं, काय पाहिजे? तर म्हणते, 'या म्हणा, मंग सांगतो.'"

"मग?"

"मंग काय? म्हणलं मी. नसतं म्हणलं, तर तिथंच मुळं फुटली असती त्याला." नर्मदाबाईंनी पदरानं डोळे टिपले, नाक ओढलं आणि स्टुलावर सावरून बसल्या. "उद्या माणसं येतील, बाई. किती दिवस उभं करशील? पाय दुखत असतील त्यांचे."

त्यांनी हात त्या पालथ्या पत्त्यावर ठेवला. उलटला नाही. मान किंचित वर केली आणि घसा खाकरला. अगदी तसाच, आधी बारका, मग थोरला, शेवटी जरा ओढलेला. इतक्या वर्षांच्या संसारात ही नक्कल कुठं आणि कधी बसवली, देव जाणे.

शिवकन्याचा चष्मा घसरला. तिनं तो घसरू दिला.

"ये म्हण की गं," नर्मदाबाई म्हणाल्या.

"तुला न्हाई, आई," शिवकन्या म्हणाली. तिनं उघड्या दाराकडं पाहिलं. बाहेर अंगणात ऊन होतं, आणि त्यात पाला कापून मोकळी झालेली हळदीची शेतं लांबवर दिसत होती. मग ती मोठ्यानं, पंगतीला बोलवावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाली,

"या, बाबा. या. बसा. चहा घेता का?"