जावयाचं बिल

चष्मेवाल्याची पाटी घड्याळजीच्या दुकानावर हातभर पुढे आली होती. ती मागे घ्या, असं कोर्टाने सांगितलं आणि वर घड्याळजीच्या वकिलाचा रास्त खर्चही चष्मेवाल्यानेच द्यावा, असा हुकूम केला. रास्त म्हणजे किती, हे ठरवायला कोर्टात वेगळ्या बाई होत्या. हातात लाल पेन्सिल.

घड्याळजी निर्धास्त होता. वकील म्हणजे सख्खा जावई. "बाबा, तुमच्याकडून मी काय घेणार? चष्मेवाल्याकडूनच काढू सगळं," असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. तोंडी. बिल झालं होतं दोन लाख चाळीस हजार. पाटी मागे सरकवायला सुतार तीनशे घेऊन गेला.

बाईंनी पहिलं पान उलटलं.

"पक्षकाराच्या पत्नीशी चर्चा, अठरा मिनिटं. कशाबद्दल?"

"आणखी वाढू का, याबद्दल," घड्याळजीने आपली मदत केली. जावयाने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला.

लाल रेघ.

"प्रकरणावर चिंतन, नऊ तास. हे कुठे केलंत?"

"मुख्यतः आंघोळीला," जावई म्हणाला. "तुकड्यातुकड्यांनी."

"झेरॉक्स, दोन तास, ज्येष्ठ वकिलाच्या दराने. बटण दाबायला वीस वर्षांचा अनुभव लागतो?"

"मॅडम, कुठलं बटण दाबायचं, हे कळायला लागतो."

बाईंनी पेन्सिलला टोक काढलं.

तेवढ्यात चष्मेवाल्याचा वकील उठला. त्याचा आवाज साखरेच्या पाकातून काढल्यासारखा होता. "मॅडम, मुळात हे सासरे-जावई आहेत. जावई सासऱ्याकडून दमडी घेणार नाही. आणि यांनी जो खर्च करायचाच नाही, तो आम्ही भरून का द्यायचा?"

बाईंना हे पटलेलं दिसलं. त्या घड्याळजीकडे वळल्या. "आजोबा, शपथेवर सांगा. हे पैसे तुम्ही यांना खरंच देणं लागता का? लागत नसाल, तर समोरच्यांनीही काही द्यायची गरज नाही. विषय संपला."

घड्याळजीने जावयाकडे पाहिलं. जावयाने 'हो' म्हणून मान इतक्या जोरात हलवली की टाय खांद्यावर गेला. समोर चष्मेवाला गालातल्या गालात हसत होता. ते हसू नसतं, तर घड्याळजी कदाचित खरं बोलला असता.

"लागतो म्हणजे काय? पै न् पै लागतो," घड्याळजी म्हणाला. "हा व्यवहार आहे. खटला हरलो असतो तरी दिले असते. जावई म्हणून एक पैसा कमी करणार नाही, असं यांनी मला बजावलंय."

"लेखी घेते," बाई म्हणाल्या. त्यांनी घेतलं. घड्याळजीने खाली झोकात सही ठोकली.

मग बाईंनी उरलेली अकरा पानं तपासली. लाल पेन्सिल संपली, दुसरी आणावी लागली. पाऊण तासाने त्या म्हणाल्या, "एवढ्याशा पाटीसाठी रास्त खर्च, अडतीस हजार. चष्मेवाल्यांनी महिन्याभरात भरावेत."

बाहेर आल्यावर घड्याळजीने जावयाच्या पाठीवर थाप मारली. "अडतीस तर अडतीस. बाकीचे गेले, जाऊ देत. तुमच्या खिशातून काय गेलं?"

जावई बाकावर बसला. त्याचा चेहरा खरोखरच पडला होता. "बाबा, जाऊ कसे देऊ? उरलेले दोन लाख दोन हजार तुम्ही देणं लागता, असं तुम्हीच शपथेवर सांगितलंय. मी सोडून दिले तर तुम्ही कोर्टात खोटं बोललात असं होईल."

"पण ते तर तुम्हीच मान हलवून..."

"मान कागदावर येत नाही, बाबा. तुम्हाला या वयात तुरुंगात पाठवू? हिला काय तोंड दाखवू मी?"

घड्याळजी त्याच्या शेजारी बसला. समोरून चष्मेवाला वकिलासोबत जिना उतरून गेला. दोघांनी हात वर करून यांचा निरोप घेतला, अगदी आपुलकीने.

"हप्ते पाडून चालतील?" शेवटी घड्याळजीने विचारलं.

"अहो, घरचेच आहात," जावई म्हणाला आणि कराराचा मसुदा करायला त्याने वही उघडली.