कोळसा न घातलेला फ्लास्क

ईशानी घाटगेची थिसिस सोमवारी जमा व्हायची होती आणि गुरुवारी दुपारी तिने घोळ घातला. शेंगांच्या टरफलांपासून केलेला कोळसा पाण्यातला कापडाचा निळा रंग शोषून घेतो, हा तिचा विषय. चार वर्षं झाली. त्या टरफलांपायी वासणे गावातल्या तिच्या घरात सगळ्यांनी इतक्या भाजक्या शेंगा खाल्ल्या, की तिच्या बाबांना, सदानंदरावांना, कायमचं पित्त जडलं. पण विज्ञान म्हटल्यावर पित्ताला कोण विचारतं!

तर गुरुवारी शेवटचा एक आलेख नीट करायला तिने सहा फ्लास्कांत निळं पाणी घेतलं, कोळसा घातला, तासभर हलवलं आणि नेहमीप्रमाणे फिल्टर पेपरमधून गाळलं. पाच कागदांवर काळा थर बसला. सहावा निळाशार निघाला. बया त्या फ्लास्कात कोळसा घालायलाच विसरली होती.

"धांदरट मेली," ती स्वतःलाच म्हणाली आणि ते पाणी ओतून देणार, तोच थबकली. खाली गळलेलं पाणी जवळपास स्वच्छ होतं. रंग मोजायच्या यंत्रात घालून पाहिलं. एकाहत्तर टक्के रंग गेलेला! कोळशाचा कण नाही आणि एकाहत्तर टक्के! कोळसा घातलेल्यांत शहाण्णव.

म्हणजे रंग कागदच पीत होता. चार वर्षं राबला कागद आणि हारतुरे कोळशाला! वर काळा थर बसल्यामुळे खालचा निळेपणा कधी कुणाला दिसलाच नाही. आता पीएचडी गेली, असंच ईशानीला वाटलं.

ती तडक गाइडच्या खोलीत गेली. खोटं कशाला बोला, 'जाऊ दे गं' एवढंच ऐकायला गेली. निरुपमा मॅडम ठेपले खात होत्या. ईशानीने सगळं सांगितलं, तरी त्यांचं चावणं काही थांबलं नाही.

"कुणी पाहिलं?"

"नाही."

"मग ओतून दे. हात धू. ठेपला घे."

झालं की मनासारखं! पण जीभ कसली ऐकते. "मॅडम, तुमच्या थिसिसमध्येही हाच कागद होता ना? तुम्ही कधी कोळशाशिवाय गाळून पाहिलं होतं?"

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं.

"पाहिलं होतं."

"मग?"

"मग काय? नोकरी ठरलेली, लग्न ठरलेलं. ओतून दिलं. एकोणीस वर्षं झाली, कुणी विचारलं नाही. तुझ्याआधी अकरा जणांना मी हाच कागद दिला. दर वेळी वाटायचं, हा तरी येऊन सांगेल."

"आणि सांगितलं असतं तर?"

"त्यालाही ओतून दे म्हटलं असतं," मॅडम म्हणाल्या. "तो ओतून मोकळा झाला असता."

ईशानीला असा संताप आला की बस. दर गुरुपौर्णिमेला ह्या बाईच्या पाया पडत होती ती! आणि अकरा जणांसारखं आपणही ओतूनच मोकळं होणार होतो, हे आठवून तिला स्वतःचाही तेवढाच राग आला.

"मला मुदतवाढ हवी," ती म्हणाली. "सगळं परत करते. कागदाशिवाय."

"सहा महिने जातील. शहाण्णवचे तीसही उरणार नाहीत."

"नाही उरले तर तसं लिहीन."

मॅडमनी खालचा खण ओढला आणि मुदतवाढीचा एक अर्ज तिच्यापुढे ठेवला. गाइडच्या जागी सही आधीच केलेली होती. शाई फिकी झाली होती आणि कागद कडेने पिवळा पडला होता. विद्यार्थ्याच्या नावाची जागा तेवढी मोकळी.

ईशानीने तो उलटसुलट करून पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बोलली ती फटकळच.

"हा नमुना आता चालत नाही, मॅडम. नवा काढा."

निरुपमा मॅडमनी निमूटपणे नवा काढला.