भरल्या गाडीचं माप

भैयालालची जीप अंगणात उभी असली की त्याच्या बायकोच्या, जिजाबाईच्या, वड्यांना ऊन लागत नसे, आणि जीप चालू लागली की जिजाबाईची कंबर धरत असे. उभी हयात तिरोडीच्या खाणीवर ठेकेदाराची गाडी हाकून हा गडी रिटायर झाला. लोक अशा वेळी घर वाढवतात, चार धाम नाही तर निदान चार सोयरे तरी फिरतात. यानं ठेकेदाराकडून तीच म्हातारी जीप मागून घेतली आणि बालाघाटला आणून दारात उभी केली. रोज सकाळी तिला पुसायचा. राकेशचं, पोटच्या पोराचं, नाक त्यानं कधी इतक्या मायेनं पुसलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात याच जीपनं दोघं जिजाबाईच्या माहेरी गेले. माहेर बैहरच्या पुढं, जंगलातलं गाव. गावाआधी एक नाला, आणि नाल्यात हे एवढाले दगड. जीप त्या दगडांवरून अशी आदळली की बाई महिनाभर तेल चोळत बसली. तोंडातून शब्द काढला नाही, आणि जिजाबाई गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय.

एक दिवस चहाचा कप समोर ठेवून ती म्हणाली, "राकेशचे बाबूजी, पुढच्या महिन्यात माह्या भावाच्या, सुखरामच्या, नव्या घराची बुद्धवंदना हाय. मी तुमच्याच गाडीत जाईन. कंबर नाई दुखली तं गाडी राहीन. दुखली तं दुसऱ्या दिवशी दुलीचंद भंगारवाला येऊन उचलून नेईन. मी त्याले सांगून ठेवलं हाय."

चहा तसाच टाकून भैयालाल गोंदिया रोडवर लोकेशकडं पळाला. लोकेश हा त्याचा भाचा, वेल्डिंगचं दुकान चालवायचा आणि रिकाम्या वेळात मोबाईलवर गोऱ्या लोकांच्या गाड्या डोंगर चढताना पाहायचा.

"मामाजी, गाडीचा दोष नाई, पाट्यायचा हाय," लोकेश जीपखालून सरपटत बाहेर आला. "गाडीचं वजन झेलणारे हे लोखंडी पाटे दगडासारखे कडक झाले. एक चाक दगडावर चढलं का अख्खी गाडी कलते. पाटेच काढून टाकू. त्याच्या जागी दोन स्प्रिंगा आन चार डंडे. स्प्रिंग वजन झेलीन, डंडे एक्सलले जागेवर धरतीन. एक चाक वर गेलं तरी दुसरं खाली जाऊन जमीन पकडीन. मामीजीले वाटीन पाळण्यात बसली."

"तसं बनवलेलं भेटते का बजारात?"

"भेटते ना, पण तुमच्या गाडीले नाई बसत. आपणच बनवू."

आणि मग दोघांना वेडच लागलं म्हणा ना! दुकानाच्या फरशीवर खडूनं जीप काढली. छत्रीच्या काड्यांचे डंडे करून ते वर-खाली हलवून पाहिले. खालचे डंडे लांब हवेत की आखूड, वरचे सरळ हवेत की तिरपे, यावर मामा-भाच्यात अशी जुंपली की शेजारचा पानवाला सोडवायला आला. शेवटी लोकेशचं खरं ठरलं, वरचे तिरपे. भैयालालनं बाहेर सगळ्यांना सांगितलं की ही आयडिया माझी.

स्प्रिंगा निवडायच्या वेळी लोकेशनं विचारलं, "मामाजी, गाडीचं माप कोणत्या वजनावर धरू? रिकामी धरू का भरलेली?"

भैयालाल हसला. "अबे, शुद्धीवर हाय ना? माहेरी जाणारी गाडी कधी रिकामी गेली का? आपल्याइकडं डायवर अर्धा भाईर लटकला म्हंजे गाडी भरली समजाचं."

झालं. सगळा वॉर्ड बोलावला. सून संघमित्रा पुढं, राकेश, राकेशचे मित्र, पानवाला, त्याचा जाडा साडू, सगळे मागं कोंबले, दोघं पायरीवर उभे केले. जीप बसली. लोकेश खाली फीत लावून माप घेत होता, तेवढ्यात साडूला फोन आला आणि तो बोलायला बाजूला गेला. जीप टुणकन वर.

"कोण उतरलं बे?" लोकेश खालून ओरडला.

त्या वजनाला बेतून स्प्रिंगा आल्या, डंडे बसले, वेल्डिंग झालं. जिजाबाई तेवढी आली नाही. म्हणाली, परीक्षा घेणारीनं पेपर आधी पाहू नये. सगळ्यांना भरून भैयालालनं वैनगंगेच्या काठानं एक चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी चालली. त्या रात्री तो झोपेतही हसत होता, असं जिजाबाई सांगते.

वंदनेच्या दिवशी सकाळी जिजाबाई नवं लुगडं नेसून एकटीच बाहेर आली.

"बाकीचे कुठं हायत?" भैयालालनं विचारलं.

"कालच बसनं लावून देले. गर्दीत माही कंबर आखडते. आज आपण दोघंच."

आता कपाळ! भैयालालनं जीपकडं पाहिलं. भरल्या वजनाच्या कडक स्प्रिंगांवर रिकामी जीप शेपटी वर करून उभी होती. बोलायची सोय नव्हती. बोलावं तर महिनाभर केलेली फुशारकी पाण्यात, आणि गाडी दुलीचंदच्या ट्रकात. मुकाट्यानं किल्ली फिरवली.

पहिल्याच खड्ड्यात जीपनं दोघांना सीटवरून उचललं. जिजाबाईनं कमरेवर एक हात ठेवला. दुसऱ्या खड्ड्यात दोन्ही हात ठेवले. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला कोंबड्यांची टोपली घेऊन मैनाबाई नावाची एक धिप्पाड बाई भाड्याच्या जीपची वाट पाहताना दिसली. त्यानं करकचून ब्रेक मारला.

"या ना मावशी, बसा. कुठं जाऊन राह्यल्या?"

"माहेरी न्यायले आणलं का सवाऱ्या भरायले?" जिजाबाई फणकारली.

"अवं, रस्त्यानं म्हातारं माणूस दिसलं तं सोडून जाऊ का?"

पुढच्या वळणावर एक हडकुळा मास्तर हात करत होता. त्याला मात्र भैयालालनं सोडलं. त्याच्यानंतर सिमेंटची दोन पोती घेऊन उभा असलेला मनुष्य दिसला, तर स्वतः उतरून पोती चढवली. घाट चढेस्तोवर तो असाच माणसं हेरत गेला. जाड दिसला की थांबायचा, बारीक दिसला की गाडी दामटायचा. पैसे घेत नाही म्हटल्यावर लोक घाबरले. एकानं तर विचारलं, "भाऊ, इलेक्शन हाय का?"

पण काय सांगू, एकेक माणूस चढत गेला तशी गाडी शांत होत गेली. बैहर मागं पडलं तेव्हा जीप खचाखच भरली होती, भैयालाल अर्धा बाहेर लटकला होता, आणि जिजाबाईचे दोन्ही हात कमरेवरून निघून मांडीवर आले होते. त्यानं चोरून पाहिलं आणि त्याला रडूच यायचं बाकी राहिलं.

मग आला नाला.

या भागातली माणसं भारी समजूतदार. नाला दिसला की कुणी न सांगता सवाऱ्या उतरतात, ड्रायव्हर रिकामी गाडी पलीकडं नेतो, सवाऱ्या चालत येऊन पुन्हा बसतात. जीप थांबायच्या आतच सगळे पटापट उतरले. एकानं शहाणपणानं सिमेंटची पोतीही उतरवली.

"अरे, बसा बसा! उतरू नका!" भैयालाल हात जोडून ओरडला.

"नाई नाई, आम्ही येतो ना पायदळ. तुमच्या गाडीले कायले तरास?"

"उलटली तं मरायले बसाव का?" मैनाबाई म्हणाली.

नाइलाजानं त्यानं रिकामी जीप घातली. जिजाबाई तेवढी जागेवर बसून होती. मधल्या दगडावर मागचं एक चाक अधांतरी फिरू लागलं, जीप एका अंगाला कलली आणि अशी आपटली की जिजाबाईच्या तोंडून "आई गं!" निघालं.

भैयालालनं इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

"चुकलं माहं," तो म्हणाला. "गाडी म्या भरलेली मोजली. रिकामीचा इचारच नाई केला. हिले माणसं लागतेत. सांग दुलीचंदले, ने म्हणा."

जिजाबाईनं वळून काठावरच्या गर्दीकडं पाहिलं. "म्हणून सकाळपासून गोळा करून राह्यले का हे सारे?"

"हौ."

"माह्या कंबरेसाठी?"

"मंग कोणाच्या?"

तिनं पदर खोचला, पायरीवर उभी राहिली आणि नाल्याच्या काठाकडं तोंड करून अशी हाक दिली की जंगलातली माकडं पळाली.

"ऐका हो! पुढच्या गावात माह्या भावाच्या घरी जेवण हाय. वरण, भात, बुंदी. जो गाडीत बसून येईन, त्यालेच ताट. पायदळ आला तं पाणीसुद्धा नाई भेटन!"

लोक एकमेकांकडं बघू लागले. मास्तरलोक असते तर विचार करत बसले असते. मैनाबाईनं टोपली उचलली आणि ती सगळ्यात आधी चढली. तिच्या मागं बाकीचे, सिमेंटसकट. जीप खाली बसली, अधांतरी चाक दगडाला टेकलं. भैयालालनं हलकेच क्लच सोडला. एक चाक वर जाई, दुसरं खाली जाऊन जमीन धरी, आणि वर माणसं नुसती डोलत होती. लोकेशचे तिरपे डंडे एकदाही करकरले नाहीत. पलीकडच्या काठावर जीप चढली तेव्हा मागून टाळ्या पडल्या.

सुखरामच्या दारात न बोलावलेले एवढे पाहुणे उतरताना पाहून त्याची बायको आत भात वाढवायला पळाली. वंदना झाली, जेवणं झाली. सवाऱ्या ढेकर देऊन आपापल्या वाटेनं गेल्या, राकेश आणि बाकीचे घरचे परतीच्या बसनं निघून गेले. भैयालाल अंगणात रिकाम्या जीपपाशी येऊन उभा राहिला. घरी परत जायचं होतं, मध्ये तोच नाला होता, आणि बाईनं अजून निकाल सांगितला नव्हता.

जिजाबाई आली. मागं सुखराम, त्याची बायको, दोन धाकटे भाऊ, त्यांच्या बायका, लेकरं आणि गाठोडी.

"हे सारे कुठं जाऊन राह्यले?" भैयालालनं घाबरून विचारलं.

"आपल्या घरी. चांगले आठ-पंधरा दिवस राहातीन."

"एवढे सारे? पंधरा दिवस?"

"मंग रिकामी नेता का मले?"

भैयालालनं मागचं दार उघडलं. सासरच्या माणसांचं आणि त्याचं कधी जमलं नाही, हे बालाघाटच्या सगळ्या वॉर्डाला ठाऊक होतं. राकेशच्या लग्नात तो यांना मंडपाच्या मागच्या दारानं टाळत फिरला होता. आज एकेकाला हात देऊन चढवलं.

नाला आला. कुणी उतरलं नाही. गाडी दगडांवरून सावकाश, झुलत निघाली. पलीकडं पोचल्यावर भैयालालनं बाजूला पाहिलं. जिजाबाईची मान त्याच्या खांद्यावर पडली होती आणि ती चक्क घोरत होती. त्यानं खांदा तसूभर हलवला नाही, गिअर बदलतानाही नाही.

मागून सुखराम म्हणाला, "भाटवेजी, गाडी बाकी झकास बनवली. आता आम्ही दर महिन्याले येत जाऊ, काय?"

"हळू बोल, झोपली हाय ते," भैयालाल कुजबुजला. मग जरा थांबून म्हणाला, "या ना. आन तुहा तो जाडा चुलतभाऊ हाय ना, त्यालेही घेऊन येत जा."