वच्छलाबाई पाणी का पीत नव्हत्या

नात संस्कृतीचं जावळ काढलं, ते साल २०२२. जावळाचं जेवण उरकून पाहुणे परत गेले आणि त्याच आठवड्यात शेंद्र्याच्या वच्छलाबाईंना लकवा मारला. सकाळी भाकरी थापायला बसल्या होत्या, त्या डाव्या अंगावर कलंडल्या. मुलगा बद्रीनाथ कंपनीतली पाळी संपवून नुकताच घरी आला होता. त्यानं तशीच गाडी काढली आणि आईला शहरातल्या दवाखान्यात नेलं. वेळेवर नेलं म्हणून जीव वाचला. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात चालत होता. डावा हात आणि डावा पाय मात्र लुळे पडले.

माणूस दवाखान्यातून घरी आलं की आजार संपला, असं आपण सगळेच धरून चालतो. वच्छलाबाईंचे मालक कारभारी यांनीही तसंच धरलं. पुढच्या खोलीत पलंग टाकला, शेतावर गडी लावला आणि स्वतः बायकोच्या उशाशी बसले. घरात सांगून ठेवलं, "हिनं जन्मभर काबाडकष्ट केले. आता हिनं बोटसुद्धा हलवायचं नाय."

तसंच झालं. घास कारभारी भरवायचे. वेणीफणी सून मेघा करायची. संडासला न्यायचं तर बाप आणि लेक दोन बाजूंनी धरून उचलायचे. गावात कारभारींचं नाव झालं. नवरा असावा तर असा, असं बाया एकमेकींना सांगू लागल्या.

करमाडच्या सरकारी दवाखान्यात मनस्विनी नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा शहरातून येत असे. बद्रीनाथ तिला घरी घेऊन आला. तिनं मेघाला व्यायाम शिकवले. पलंगाच्या कडेला बसवायचं, खुर्चीला धरून उभं करायचं, डाव्या पायावर भार द्यायला लावायचं. हातासाठी तिनं घरातलंच काम सांगितलं, शेंगा सोलायचं. मेघा मन लावून करायची.

एक दिवस कारभारींची चुलत बहीण सारजाबाई भेटायला आली. वच्छलाबाई टेकून बसल्या होत्या आणि मांडीवरच्या परातीत तुरीच्या शेंगा होत्या.

"काय गं मेघा, वैनीला कामाला लावलं व्हय? घरात माणसं कमी पडले का काय?"

"मॅडमनी सांगितलंय, आत्या. हात मोकळा होतो त्यानं."

"मॅडमचं काय जातंय? उद्या म्हणतील, दळण बी करून घ्या." सारजाबाई कारभारींकडं वळली. "दादा, तुमच्या देखत वैनीला हे दिवस?"

कारभारींच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी परात उचलून आत नेली. "पुन्हा हे दिसलं नाय पाहिजे," एवढंच ते सुनेला बोलले.

तेव्हापासून फाटक वाजलं की मेघा सासूला घाईनं आडवं करून अंगावर चादर ओढायची. आजारी माणूस उठून बसलेलं दिसलं तर सुनेला बोल लागतो. आणि खेड्यात भेटायला येणारी माणसं दिवसभर येतात. मग व्यायाम करायचा कधी? हळूहळू तो सुटलाच.

मनस्विनी महिन्याभरानं पुन्हा घरी आली. तिनं डावा पाय हातात घेऊन वाकवून पाहिला. पाय आखडत चालला होता. "असंच राहिलं तर टाच टेकणार नाही," ती म्हणाली. मग तिचं लक्ष वच्छलाबाईंच्या ओठांकडं गेलं. ओठ सुकून फुटले होते.

"पाणी कमी पितात का ह्या?"

"तिची तहानच मेली," कारभारी म्हणाले. त्यांच्या हातात दुधाचा पेला होता. "दूध घे म्हणतो, शहाळं आणतो. दोन घोट झाले की तोंड फिरवती. आजारात होतं तसं."

"आजी, तहान लागत नाही, का तुम्ही पीत नाही?"

वच्छलाबाई छताकडं बघत म्हणाल्या, "लागती की. लई लागती."

"मग?"

"पिलं की जावं लागतं. जायचं म्हणलं की पोराला हाक मारायची. त्यो रातपाळी करून झोपलेला असतो, तरी उठतो, काय बोलत नाय. दोघं मला पोत्यावानी उचलतेत अन् आत नेऊन बसवतेत. पोटचा पोरगा, त्याच्यापुढं लुगडं वर करायचं... त्यापरीस घसा सुकलेला बरा."

कारभारींनी पेला खाली ठेवला.

"मला सांगायचं की, बद्रीची माय."

"काय सांगू? तुमी एवढ्या हौसेनं करताय. सारं गाव वाखाणतंय. तुमचं नाव झालं अन् माझा पाय गेला."

कारभारींना राग यायला हवा होता, पण डोळे भरून आले. ते मनस्विनीला म्हणाले, "मॅडम, म्या तर मायेनंच केलं."

"माया खोटी नाही, आजोबा. पण संस्कृतीला चालायला शिकवलं, तेव्हा तिला कडेवरून खाली ठेवलं का नाही?"

"ठेवलं."

"पडली?"

"पडली की. कैकदा."

"मग कायमची कडेवर घेतली का?"

मनस्विनी कारभारींजवळ स्टूल ओढून बसली. "मेंदूला मार बसला की अंग शिकलेलं विसरतं. ते पुन्हा रोज शिकवावं लागतं. औषधाइतकंच ते गरजेचं आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ही सेवा चैनीची नाही, आरोग्यसेवेचाच भाग आहे, ती माणसाच्या घराजवळ मिळाली पाहिजे. आपल्या देशातही दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे. पण कायदा ह्या पलंगापर्यंत चालत येत नाही, आजोबा. इथं तुम्हीच आहात."

दुसऱ्या दिवशी पलंग संडासाजवळच्या मागच्या खोलीत गेला, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेआड. बद्रीनाथनं कंपनीतल्या एका वेल्डर दोस्ताला आणून खोलीपासून संडासापर्यंत भिंतीला लोखंडी नळी बसवून घेतली. सारजाबाई आली तेव्हा वच्छलाबाई लसूण सोलत होत्या. ती काही बोलणार, तेवढ्यात कारभारींनी तिच्याही पुढं लसणाचा गड्डा ठेवला.

"बस सारजे, तू बी सोल."

"मला बी लावलं व्हय कामाला?"

"तुझे गुडघे धरलेत म्हणतीस ना? मॅडम येणार हायेत, त्यांना दाखव. नुसती दुसऱ्याच्या सुनेला बोलत बसू नको."

सारजाबाई हसली आणि बसली. तिनं ही गोष्टसुद्धा गावभर केली, पण आता वेगळ्या सुरात.

काम सोपं नव्हतं. वच्छलाबाई रडायच्या, चिडायच्या, मेघाला तोडून बोलायच्या. एकदा नळीला धरून चालताना त्या गुडघ्यावर आल्या. कारभारी धावले.

"थांबा. येऊ नका. मला उठू द्या."

कारभारी जागीच उभे राहिले. शेतात चिखल तुडवताना झाले नसतील एवढे कष्ट त्यांना त्या उभं राहण्याचे झाले. वच्छलाबाई धापा टाकत उठल्या, पुढं गेल्या आणि संडासाचं दार लोटलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. तो ऐकून कारभारी पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे हसले.

पुढच्या ग्रामसभेत ते बोलायला उठले. दिव्यांगांसाठी राखलेल्या निधीतून दरसाल ब्लँकेटं वाटली जात; ती कशासाठी, असं त्यांनी विचारलं.

"वाटलेलं लोकांना दिसतं, कारभारी," सरपंच अप्पाराव म्हणाले.

"ब्लँकेट पांघरून माणूस झोपतो, अप्पाराव. उठायचं कशानं?"

सभा हसली, पण मुद्दा पटला. समाजमंदिराची मागची खोली रिकामी केली गेली. चालायला शिकण्यासाठी तिथं दोन समांतर दांड्या बसल्या, दाराला पायऱ्यांऐवजी उतार झाला आणि मनस्विनी दर आठवड्याला तिथं येऊ लागली. अपघातात पाय मोडलेले कामगार आले, घरात लपवून ठेवलेली लेकरंही आईच्या कडेवरून आली.

बंधुभगिनींनो, आजाऱ्याची सेवा जरूर करा. पण त्याच्या हातचं काम हिसकावून घेऊ नका. जे त्याला करता येईल ते त्याला करू द्या, आणि जे अजून येत नाही ते शिकायला वेळ द्या, जाणकार माणूस द्या, धरायला आधार द्या. चालतं-फिरतं होणं हा त्याचा हक्क आहे, त्यासाठी त्याला कुणाचे पाय धरावे लागू नयेत. आणि अशा घरी भेटायला गेलात, तर तिथल्या सुनेला बोल लावण्याआधी गप्प बसा.

वच्छलाबाई आता काठी घेऊन घरभर फिरतात. कारभारी १२ फेब्रुवारी २०२५ रोजी हृदयविकारानं घरीच वारले. त्यांना नेलं तेव्हा वच्छलाबाई फाटकापर्यंत आपल्या पायांनी गेल्या.