कोरा पट्टा

"डोक्यावर मारा काका, डोक्यावर," मी म्हटलं.

दौलतकाकांनी काठी उचलली, डोळे बारीक केले, छातीभर श्वास घेतला आणि कोंबडीच्या पिलावर टोपली झाकावी तशी ती अलगद माझ्या काठीवर आणून ठेवली.

"लागलं काय वं?" त्यांनी विचारलं.

"लागायले तुमी मारलं कुठी?"

आखाड्यातली पोरं हसली. मोहनसिंग वस्ताद मात्र हसले नाहीत. नागपंचमी तोंडावर आली होती आणि त्या दिवशी आम्हा कोऱ्यांची परीक्षा होती.

रिसोडच्या आमच्या आखाड्यात नव्या माणसाला मांजरपाटाचा पांढरा पट्टा मिळतो. तो कमरेला बांधला की तुम्ही 'कोरे'. परीक्षेत पास झालात तर हळदीत रंगवलेला पिवळा पट्टा मिळतो आणि पांढरा खुंटीवर टांगायचा, पुढच्या कोऱ्यासाठी. बहुतेकांचा पांढरा वर्षा-दोन वर्षांत सुटतो. दौलतकाकांचा सुटतच नव्हता. त्यांच्यासोबत कोरे असलेल्यांना मिशा फुटल्या, कोणाची लग्नं झाली, एक तर लढाईवरही गेला; काका आपले तिथेच. पट्टा त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की आखाडा आटोपला की ते तो सोडत, त्याची गोल चुंबळ करून डोक्यावर ठेवत आणि तिच्यावर वांग्यांची टोपली घेऊन बाजारात जात.

परीक्षा जोडीने द्यायची असते. एकाने काठी हाणायची, दुसऱ्याने अडवायची, मग उलट. शेवटचा वार डोक्यावर. तो नुसता टेकवला तर अडवणाऱ्याची परीक्षा काय घेणार? म्हणून दोघंही नापास. त्यामुळे काकांशी कोणी जोडी करत नसे. माझ्याशीही कोणी करेना. आखाड्यात मी एकटीच मुलगी. माझ्याकडून मार खाल्ला तर पोरांची इज्जत जात होती आणि मला मारलं तर त्यांच्या आया भांडायला येत होत्या. उरलो आम्ही दोघं.

मला त्याचं एरवी काही वाटलं नसतं. मी काठी फिरवते तेव्हा हवा गुंजते, असं खुद्द वस्ताद म्हणाले आहेत. एकदाच म्हणाले, पण म्हणाले. पंचाईत आमच्या बाबांची होती. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "हौसे, पंचमीले पिवळा भेटला तं जाय खुशाल. नाई भेटला तं पट्टा वापस देजो अन् मायच्या हाताखाली भाकरी शिकजो."

तेव्हा मी पंचमीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तडक काकांच्या मळ्यात गेले. काका विहिरीवर मोट हाकत होते. त्यांचा धाकटा भाऊ शालिग्रामकाका वाफ्यात बसून वांगी तोडत होता.

"तुमच्या भावाले समजावा," मी म्हटलं. "त्यायच्या पायी मी घरात बसन."

शालिग्रामकाकाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याला मान जरा जास्त वळवावी लागते, कारण डावा डोळा नाही.

"हा डोया कसा गेला, माहीत हाये?"

"काटा लागला म्हणतात."

"मीच तसं सांगतो लोकायले. आमी जवान होतो तवाची गोठ हाये. पाण्याची पाळी दादाची, अन् पाट मी माह्याकडं फोडला. त्यानं बोरीची काठी हाणली. मी डोकं खाली करायले पायजे होतं, तं वर केलं." बाजारातला भाव सांगावा तसं तो सांगत होता. हात वांगी तोडतच होते. "तवापासून तो बैलालेई काठी लावत नाई. रानडुकर वावरात शिरलं तं त्याले म्हणते, जाय बापा आता. म्हून मीच त्याचं नाव आखाड्यात टाकलं. डोया माहा गेला अन् चाचपडून राह्यला तो."

मोटेवरून काकांचा आवाज आला, "हौसे, वांगे घेऊन जाजो वं घरी."

पंचमीला कोणी जमिनीला कुदळ लावत नाही, विळीवर भाजी चिरत नाही. मळे बंद, त्यामुळे आखाड्यापुढे सगळं गाव. बाबाही आले होते. शालिग्रामकाका लिंबाखाली बसला होता, दरवर्षी बसतो तसा.

आधी मी मारलं. काकांनी चारही वार झकास अडवले. त्यांना सगळं येतं. मग त्यांची पाळी. खांद्यावर, बरगडीवर, गुडघ्यावर, तिन्ही वार आले ते पाहुण्यासारखे. बाबांनी खाकरून दुसरीकडे पाहिलं. वस्ताद म्हणाले, "दौलतराव, आखरी हाय. डोस्क्यावर."

काकांनी काठी उचलली आणि ती वरच राहिली.

"मार ना दादा," लिंबाखालून आवाज आला. "मी पाहून राह्यलो. एकाच डोयानं, पण पाहून राह्यलो."

लोक हसले. काका हसले नाहीत. मी हळूच म्हटलं, "काका, मी डोकं हालवनार नाई. तुमची आन."

काठी आली. ती येताना मला दिसलीच नाही, फक्त आवाज आला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत झिणझिणून गेले. माझी काठी डोक्याच्या वर आडवी होती. जागची हलली नव्हती.

आता फक्त सलामी उरली होती. काठी कपाळाला लावायची, मगच हातातून सोडायची. तोवर ज्याची काठी जमिनीला लागली तो नापास. हे काकांइतकं कोणाला माहीत असणार? पण त्यांनी काठी टाकली, पुढे आले आणि माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं. अंगठ्यानं त्यांनी माझा एक डोळा झाकला, मग दुसरा.

"दिसते ना बेटा? दोहींनं दिसते?"

"दिसते काका."

"दौलतराव," वस्ताद हळू आवाजात म्हणाले, "काठी पडली तुमची."

"पडू द्या," काका म्हणाले.

पिवळा पट्टा मला मिळाला. बाबांनी तो घरी जाईपर्यंत तीनदा हात लावून पाहिला, रंग पक्का आहे का म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पांढरा पट्टा खुंटीवर होता. शेजारची खुंटी रिकामीच होती. वस्तादांनी मला नव्या कोऱ्यांसमोर उभं केलं. उशिरानं काका आले. टोपली त्यांनी भिंतीशी उतरवली, चुंबळ उलगडून झटकली, कमरेला बांधली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

त्या सकाळी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते बैलांच्या मागून काठी घेऊन मळ्यात आले होते, असं शालिग्रामकाका मला लिंबाखालून सांगत होता. मारायले नाई म्हणे, नुसती खांद्यावर.